होय महाराजा!

आमच्या सिंधुदुर्गात देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकटा गावकर बोलतो आणि बाकीचा गाव 'होय महाराजा' म्हणतो. 2020 साली आमचे अर्थशास्त्राचे तास मोबाईलवर आले आणि माझा गावकर झाला. समोर 130 काळे चौकोन. "मागणी वाढली की भावाचं काय होतं?" चॅटमध्ये ओळीने 'येस सर'. हे उत्तर नव्हे, असं सांगावंसं वाटे. पण त्यावरही 'येस सर'च आलं असतं. नाव घेऊन विचारलं, की "सर, रेंज नाही" हे खणखणीत ऐकू यायचं. (खरोखर रेंज नसलेला एक जण रोज सड्यावर (गावावरच्या उघड्या कातळावर) छत्री उघडून बसायचा. त्याच्याबद्दल तक्रार नाही.)

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिलंय, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम 1 सेकंद थांबतो; 3 सेकंद थांबला तर पोरं बोलू लागतात. आमच्याकडे 3 सेकंदांत प्रश्नच पोचत नाही. मी 10 थांबलो. कोणाच्या तरी आईचा आवाज आला, "रे, आधी गुरांक पाणी दाखव!"

मग पाच-पाच जणांचे 26 गट केले. कुठल्याही गटात डोकावलो, की वाघ शिरल्यासारखी सामसूम.

आंब्याचे दिवस आले तेव्हा पुस्तक मिटलं. म्हटलं, "2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी पेटीचा भाव ठरवतो कोण, बागायतदार की वाशीचा दलाल? उत्तर लिहून ठेवा, मी 'सोडा' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवा." दुसऱ्याचं बघून लिहायची सोयच नाही! 'सोडा' म्हटलं आणि धरण फुटलं. देवगडवाले आणि रत्नागिरीवाले तर भाव सोडून चवीवर घसरले. वर्षभर मुकी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, पट्टी हातात येईपर्यंत आम्हांला भावच कळत नाही," आणि तिने दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, कॅमेऱ्यासमोर धरली. गाडीभाडं, हमाली... खालचा आकडा बघून मीही गप्प झालो.

तेवढ्यात मागून तिचे बाबा आले. "मास्तरानु, दोन शब्द बोलू काय?"

पंचवीस मिनिटं बोलले. मी माईक बंद केला आणि चॅटमध्ये लिहिलं, 'येस सर'.