कॉर्नवॉलिस आमच्याकडेही आला होता

टेक्सासात सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची असेल, तर अमेरिकेच्या इतिहासाचे सहा क्रेडिट घ्यावेच लागतात. कायदाच आहे तसा. मग तुम्ही नर्सिंग शिका, नाहीतर संगीत. मी चाळिशी उलटल्यावर अकाउंटिंग शिकायला निघाले होते, वाटेत जॉर्ज वॉशिंग्टन आडवा आला.

सहापैकी तीन क्रेडिट टेक्सासच्या इतिहासाचे घेतले तरी चालतात, हे ऐकून आधी हायसं वाटलं. मग कळलं, की टेक्सास १८३६ ते १८४५ स्वतंत्र देश होता आणि ते इथे कोणी विसरलेलं नाही. ज्या सॅन जसिंटोच्या लढाईने हे स्वातंत्र्य मिळालं, ती म्हणे १८ मिनिटं चालली. आमच्याकडे तेवढ्यात लग्नाच्या पंगतीत मीठ-लिंबूसुद्धा वाढून होत नाही. म्हटलं, नको, अमेरिकाच बरी.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अमेरिकेला कसला गं इतिहास? आपल्या वाड्याचं जोतं त्यांच्याहून जुनं." असेल. पण त्या जोत्यावर जाडजूड पुस्तक लिहून कोणी माझी परीक्षा घेतली नव्हती.

माझं शालेय शिक्षण 'कारणे द्या' आणि सनावळीवर झालेलं. सन पाठ व्हायला खुंटी लागते, आणि माझ्या सगळ्या खुंट्या पेशवाईतल्या. १७७३ म्हणजे नारायणरावांचा खून. ऑगस्टात शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' झालं आणि डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात इंग्रजांच्या करावर चिडलेल्या लोकांनी चहा बुडवला. १७७६ म्हणजे पुरंदरचा तह, आणि तिकडे अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं. १८०३ म्हणजे असईची लढाई. त्याच साली जेफरसनने नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतलं आणि देश जवळपास दुप्पट केला. इकडे आम्ही घालवत होतो, तिकडे ते घेत होते.

चहाचं प्रकरण वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना काही केल्या पटेना. कारण त्या वर्षीच्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्तच होणार होता! पौंडभर चहामागे तीन पेन्सांचा कर तेवढा तसाच ठेवला होता. मग स्वस्त चहा समुद्रात का टाकायचा? प्रोफेसर तास संपेपर्यंत समजावत होते. मला पहिल्या वाक्यातच समजलं. पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे, असं म्हणत आमच्या सोसायटीत दोनशे रुपयांच्या पार्किंग शुल्कावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. वाईट वाटलं ते फक्त चहाचं. ३४० हून जास्त पेट्या, आणि तोही थंडीच्या दिवसांत.

मग आला कॉर्नवॉलिस, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला इंग्रज सेनापती. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला त्याच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली. स्वतः साहेब आजारपणाची सबब सांगून मुक्कामावरच, तलवार द्यायला हाताखालचा माणूस पाठवलेला. तिथे पुस्तकाने त्याला निरोप दिला. मला राहवेना. हात वर करून म्हटलं, "प्रोफेसर, हा नंतर आमच्याकडे आला होता."

शेजारच्या मुलाने अगदी मनापासून विचारलं, "सुट्टीला?"

गव्हर्नर जनरल म्हणून, बाबा. १७८६ ला. येऊन मराठ्यांना आणि निजामाला सोबत घेऊन टिपूला हरवलं, बंगालवर कायमधारा लादला. अमेरिकेत हरलेल्या माणसाला इंग्रजांनी बढती देऊन आमच्यावर सोडला, हे या पुस्तकात कुठेच नाही. आमच्या पुस्तकात यॉर्कटाउन नव्हतं. दोन्हीकडच्या पोरांनी अर्धा-अर्धा कॉर्नवॉलिस पाठ केलाय.

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि माझ्या खुंट्या संपल्या. जॅक्सन आणि लिंकन यांच्यामध्ये २४ वर्षांत आठ राष्ट्राध्यक्ष झाले. टायलर, टेलर, फिलमोर, पिअर्स. सगळे अधांतरी लोंबकळतात. एक हॅरिसन तेवढा पक्का बसला. त्याने १८४१ ला ऐन थंडीत पावणेदोन तास भाषण ठोकलं आणि महिन्याभरात गेला.

गुलामगिरीच्या प्रकरणात मात्र चेष्टा सुचत नाही. घटनेत काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, आणि मत त्यांना शून्य. खोट्या नोंदी मी पुष्कळ पाहिल्यात, राज्यघटनेत घातलेली ही पहिलीच. तिथे पुन्हा एक खुंटी सापडली: गुलामांना मुक्त केल्याबद्दल जोतीरावांनी १८७३ चं आपलं 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं होतं. प्रोफेसरांनी ते वहीत लिहून घेतलं.

परीक्षेला निळ्या पुठ्ठ्याची उत्तरवही आपणच विकत न्यायची. पुरवणी मागण्यातली ऐट गेली. प्रश्न एकच: राज्यघटना हा क्रांतीचा विजय की क्रांतीला घातलेला लगाम? भूमिका घ्या. कुठलंही उत्तर चालेल, पुरावा हवा. मत आम्हाला उपजतच असतं, पण त्याला मार्क मिळतात हे नवीन होतं. मी लगाम धरला. मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी उठले, सावकार घाबरले, आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिष्ठित मंडळी खिडक्या लावून घटना लिहायला बसली, असं दडपून लिहिलं.

मार्क छान पडले. समासात लाल शाईत शेरा होता: मत पटलं नाही, पुरावा उत्तम.

नवऱ्याला वही दाखवली. तो म्हणाला, "यातला अर्धा शेरा मी लग्नापासून देतोय."