राष्ट्राध्यक्षांच्या मदतनिसाचे कागद कोणी उघडायचे?

१९८३ साली व्हाइट हाउसच्या वकिलांच्या कार्यालयातल्या २८ वर्षांच्या एका तरुणाने वरिष्ठांसाठी एक टिपण लिहिलं. विषय होता फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशांची तहहयात नेमणूक. राज्यघटना लिहिली गेली तेव्हा माणसं इतकी वर्षं जगत नव्हती, असं सांगून त्याने सुचवलं की साधारण १५ वर्षांची मुदत ठेवली, तर हस्तिदंती मनोऱ्यात वर्षानुवर्षं बसून न्यायाधीशांचा वास्तवाशी संबंध तुटणार नाही.

तो तरुण म्हणजे जॉन रॉबर्ट्स. सप्टेंबर २००५ पासून ते अमेरिकेचे सरन्यायाधीश आहेत. त्यांनीच सुचवलेली मुदत २०२० मध्येच उलटून गेली.

हे आपल्याला कळतं ते त्यांचे ऑफिसातले कागद तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या नावाच्या कॅलिफोर्नियातल्या लायब्ररीत जपून ठेवलेत म्हणून. निक्सनपर्यंत व्हाइट हाउसचे कागद ही राष्ट्राध्यक्षांची खासगी मालमत्ता मानली जायची. निक्सन यांना पद सोडावं लागलं त्या वॉटरगेट प्रकरणानंतर डोळे उघडले आणि १९७८ साली कायदा झाला: हे कागद जनतेचे. २० जानेवारी १९८१ पासून, म्हणजे रेगन यांच्यापासून, तो लागू झाला. राष्ट्राध्यक्ष पायउतार झाल्यावर पाच वर्षांनी कोणीही हे कागद मागू शकतो. सल्ल्याचे गोपनीय कागद मात्र बारा वर्षांपर्यंत रोखता येतात.

मला राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांपेक्षा मदतनिसांच्या या फायली जास्त मोलाच्या वाटतात. भाषण चार जण तासून गुळगुळीत करतात. टिपणात माणूस जसा असतो तसा दिसतो. मायकल जॅक्सनला राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं आभारपत्र पाठवायला रॉबर्ट्स यांनी १९८४ मध्ये पुन्हा पुन्हा विरोध केला. त्याच वर्षी, समान मोलाच्या कामाला बायकांना समान पगार मिळावा म्हणून लिहिणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्याच तीन महिला खासदारांची त्यांनी मार्क्सची घोषणा फिरवून खिल्ली उडवली. त्या तिघींपैकी ऑलिंपिया स्नो पुढे सिनेटर झाल्या. राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या न्यायाधीशाला सिनेटची मंजुरी लागते; २००५ मध्ये त्या मतदानात स्नो यांनी रॉबर्ट्स यांच्या बाजूनेच मत दिलं. जुने कागद बाहेर आले की माणूस संपतो, या भीतीला हे उत्तर पुरेसं आहे. मतदान करणाऱ्याला माणूस नीट कळतो, एवढंच होतं.

पण त्याच २००५ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट्स यांच्या कागदांतली एक फाइल गहाळ झाली. विषय होता वंचित गटांना नोकरी-शिक्षणात दिलं जाणारं प्राधान्य. सरकारी वकील ते कागद चाळून गेल्यानंतर ती जागेवर नसल्याचं लक्षात आलं. कोणी नेली, चुकून की मुद्दाम, यावर मी काही आरोप करत नाही. पण ज्यांना उमेदवाराची नेमणूक मंजूर करून घ्यायची आहे, त्यांच्याच माणसांनी आधी कागद हाताळावेत, ही पद्धतच चुकीची आहे.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी एलेना केगन यांचं नाव आलं, त्या वेळी क्लिंटन लायब्ररीतून दीड लाखाहून अधिक पानं सुनावणीआधी खुली झाली. २०१८ मध्ये त्याच न्यायालयासाठी ब्रेट कॅव्हनॉ यांचं नाव आलं, तेव्हा मात्र सगळं उलटं झालं. २००३ ते २००६ ते धाकट्या बुश यांचे स्टाफ सेक्रेटरी होते, म्हणजे राष्ट्राध्यक्षांकडे जाणारे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. सिनेट समितीच्या बहुमताने नेमके त्याच काळातले कागद मागितले नाहीत. बाकीच्या कागदांची छाननी बुश यांच्या खासगी वकिलाने केली, आणि जवळजवळ एक लाख पानं राष्ट्राध्यक्षांच्या विशेषाधिकाराच्या नावाखाली अडवली गेली. हे कागद सांभाळणाऱ्या राष्ट्रीय अभिलेखागाराने स्पष्ट सांगितलं होतं की आमची छाननी ऑक्टोबरअखेरीच्या आधी पुरी होणार नाही. कॅव्हनॉ यांच्यावर ६ ऑक्टोबरला शिक्कामोर्तब झालं.

तीन आठवडे थांबले असते तर काय बिघडलं असतं? पद आयुष्यभराचं आहे. तहहयात पदाच्या उमेदवाराने व्हाइट हाउसमध्ये काम केलं असेल, तर त्याचे सगळे कागद अभिलेखागाराच्या माणसांनीच तपासावेत, आणि ते पुरं होईपर्यंत सुनावणीची तारीखच लागू नये. १९७८ च्या कायद्यात एवढी दुरुस्ती व्हायलाच हवी, मग उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो.