“2,400 रुपये घेतले आणि 350 चा पाइप बदलला” या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या तक्रारी तीन. तपासणीचे 2,400 रुपये घेऊन शेवटी 350 रुपयांचा रबरी पाइप बदलला. “टर्बो ठीक आहे” असं सांगितलं (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि आठवड्याभरात खंबाटकीच्या चढाला गाडीने परत मान टाकली. आणि दुसऱ्या गॅरेजने गाडी बघताक्षणी टर्बो बदलायला सांगितला. गाडी 2008 ची स्कोडा लॉरा, 1.9 टीडीआय डिझेल. याच इंजिनाच्या गाड्या अजून बऱ्याच जणांकडे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी आली तेव्हा स्कॅनरवर पी 0299 हा फॉल्ट कोड होता. ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. टर्बो गेलाय असं तो कोड कुठेही म्हणत नाही. फाटलेला होज (हवेची रबरी नळी), व्हॅक्यूमची गळती, उघडा अडकलेला ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारी झडप), चुकीचा आकडा देणारा सेन्सर, यांपैकी कशानेही हाच कोड येतो. कोड वाचायला दोन मिनिटं लागतात, त्याचे आम्ही पैसे लावत नाही. 2,400 पुढच्या कामाचे होते.

आधी इंजिन बंद आणि किल्ली ऑन ठेवून बूस्ट सेन्सर पाहिला. पुण्यात हवेचा दाब साधारण 950 मिलिबार; सेन्सरही तेवढाच दाखवत होता, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. मग लॅपटॉप लावून तिसऱ्या गिअरमध्ये 1500 ते 3500 आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. मागणी 2150 मिलिबार, हातात 1600 सुद्धा नाही, आणि बूस्टच्या सोलेनॉइडला (टर्बोकडे व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या झडपेला) ईसीयू जवळजवळ पूर्ण सिग्नल देतोय. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये 1 बार हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी मारलं, बुडबुडा नाही. एअर फ्लो सेन्सरचा प्लग काढून चालवली, फरक शून्य.

राहिला व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने तयार केलेली हवेची ओढ. हीच ओढ टर्बोच्या ॲक्च्युएटरचा रॉड हलवते आणि त्यावर बूस्ट कमी-जास्त होतो. आयडलला (इंजिन नुसतं चालू असताना) पंपाजवळ पाऱ्याचे 24 इंच आणि ॲक्च्युएटरवर जेमतेम 9. सोलेनॉइडकडून टर्बोकडे जाणारा पाइप एक्झॉस्टच्या धगीने कडक होऊन क्लिपच्या खालीच चिरला होता. वरून काहीच दिसत नाही. पाइप बोटाने वाकवला की चीर उघडते. टोक कापून तोच पाइप परत चढवता आला असता, पण असं रबर महिन्याभरात पुढच्या इंचावर तडकतं. म्हणून पूर्ण पाइप बदलला.

आता खंबाटकी. तुम्ही लिहिलंय, ताकद एकदम गेली आणि गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केल्यावर परत पळायला लागली. सर, हे नेमकं लिहिलंत ते बरं झालं. पहिल्यांदा आली तेव्हा गाडी सतत मंद होती, किल्ली कितीही वेळा फिरवली तरी. आता ती ओढते आणि ऐन भरात कटते. हा उलटा दोष आहे: बूस्ट मागणीच्या वर जातो, ईसीयू इंजिन वाचवायला गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीवर, टाकतो आणि किल्ली बंद केली की तो मोड सुटतो. याचं नेहमीचं कारण म्हणजे टर्बोच्या फिरत्या व्हेनवर (ॲक्च्युएटरच्या रॉडने हलणाऱ्या, धुराचा झोत वळवणाऱ्या छोट्या पात्यांवर) धरलेली काजळी. पाइप गळत होता तोवर बूस्ट वर जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून हे झाकलेलं राहिलं.

जॉब कार्ड काढून बघा. त्यावर लिहिलंय: “हातपंपाने 18 इंचांना रॉड पूर्ण जातो, सोडताना मध्ये अडकतो. व्हेन साफ करणे सुचवले.” तुम्ही “नंतर बघू” म्हणालात, आणि त्यात काही वावगं नव्हतं, मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवून व्हेन कधीकधी आपोआप मोकळ्या होतात. “टर्बो ठीक” हे आम्ही शाफ्टबद्दल, म्हणजे टर्बोच्या मधल्या दांड्याबद्दल, म्हणालो होतो. तो बाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं. मागेपुढे अजिबात हलत नाही, कॉम्प्रेसरची पाती घासलेली नाहीत, इंटरकूलरमध्ये तेल साचलेलं नाही. असा टर्बो न उघडता भंगारात काढायचा आणि 70 हजारांचा नवा बसवायचा, हे इस्टिमेट आमच्याकडून मिळणार नाही.

साफसफाईला दीड दिवस लागतो. या इंजिनात टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकच तुकडा आहे, तो अख्खा खाली काढावा लागतो. हाउसिंगचे बोल्ट गंजून बसलेले असतात, एखादा तुटू शकतो. गॅस्केट आणि तेलाच्या लाइनचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे. व्हेनच्या पिना झिजलेल्या निघाल्या तर मात्र टर्बो बदलावाच लागेल, आणि ते उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. तोवर कुणी ॲक्च्युएटरच्या रॉडची लांबी बदलून किंवा स्टॉप स्क्रू फिरवून “करून देतो” म्हणालं तर हात लावू देऊ नका. कोड जाईल, पण 2000 आरपीएमच्या खालची ओढही जाईल, आणि मूळ सेटिंग परत जुळवणं महाकठीण.

गाडी घेऊन या. तपासणीचे पैसे परत लागणार नाहीत, आणि दोन्ही वेळचे आकडे तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवू. फक्त तोवर कोड पुसू नका, बॅटरीचं टर्मिनल काढू नका, आणि टाकीत अर्धं तरी डिझेल असू द्या. टेस्टला चढावरच न्यावी लागेल.