‘गूगलचे वैद्यक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस, म्हणजे पोटाच्या मागच्या भागात महाधमनीभोवती तंतुमय ऊती वाढण्याचा दुर्मीळ आजार, यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, ‘पोटातून दुधासारखे पाणी निघाले तर आपल्याकडे आधी क्षय शोधायचा असतो, जीभ वळणार नाही अशा आजाराची भीती घालणे हे गूगलचे वैद्यक आहे.’ मूत्रविकारतज्ज्ञ ऑर्मंड यांनी 1948 मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले, हे माझे विधानही आपण खोडून काढले आहे. ते योग्यच, त्याच क्षेत्रातील आल्बारान यांनी 1905 मध्येच तो नोंदवला होता आणि मी लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

‘गूगलचे वैद्यक’ हे शब्द मात्र मला लागले. माझ्या थोरल्या भावाची कंबर दुखत होती, पाय सुजले होते, पोट तट्ट फुगले होते. मुंबईतल्याच एका रुग्णालयात त्याच्या पोटातले पाणी काढले, तेव्हा बाटलीतला तो दुधाळ द्रव मी स्वतः पाहिला. त्यातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, दर डेसिलिटरला 200 मिलिग्रॅमच्या बरेच वर होते, म्हणजे ती चरबीयुक्त लसिका होती. क्षयाचा एकही पुरावा नसताना चार महिने त्याला क्षयाच्याच गोळ्या दिल्या गेल्या. अखेर सीटी स्कॅन झाला आणि महाधमनीभोवती तंतुमय ऊतीचा जाड थर दिसला, त्यात मूत्रपिंडांतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या आवळल्या गेल्या होत्या. कर्करोग नाही, हे बायोप्सीने ठरले.

आतड्यांतून शोषलेली बरीचशी चरबी लसिकावाहिन्यांतून (लसिका हा पांढुरका द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांतून) वर जाते आणि त्या वाहिन्यांचा संगम महाधमनीलगत, कमरेच्या वरच्या मणक्यांपुढे असतो. तिथेच हा थर वाढला तर वाट बुजते आणि ती लसिका पोटात झिरपते. असे क्वचितच घडते, हे मी लेखात लिहिले आहे. क्षय आणि हत्तीरोग ही आपल्याकडची कारणेही तिथेच आहेत. आपण तो भाग वाचला असता, तर भीती घातल्याचा आरोप करण्यापूर्वी थांबला असता. क्षय शोधण्याला माझा विरोध कधीच नव्हता, न शोधता तो गृहीत धरण्याला आहे.



मूत्रवाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी त्यांत स्टेंट (बारीक नळ्या) घातले, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाले, पोटातले पाणी हळूहळू ओसरले. भावाचे उजवे मूत्रपिंड मात्र वाचले नाही. ‘भीती घालणे’ हे शब्द तरी आपण मागे घ्यावेत.