चार्ट पेपरवरची देशभक्ती

शाळेच्या ग्रुपवर शुक्रवारी रात्री उशिरा मेसेज पडला : 'राष्ट्रीय प्रतीके व स्मारके. प्रोजेक्ट. सोमवारी आणणे.' देशाला स्वातंत्र्य मध्यरात्री मिळालं, तसे प्रोजेक्टही रात्रीच मिळतात.

"दुकानातला तक्ता आणून चिकटवू नकोस," बायकोने बजावलं. "पोरीला प्रत्यक्ष दाखव." म्हणून रविवारी धाकट्यासकट आमची वरात गेटवे ऑफ इंडियाकडे निघाली. रविवार म्हणजे मेगाब्लॉक आलाच, त्यामुळे देशाविषयी बोलायला गाडीत भरपूर वेळ मिळाला.

कन्येच्या हातात दोन रुपयांचं नाणं होतं. "बाबा, यावर तीनच सिंह आहेत. मॅडम चार म्हणाल्या."

"चौथा मागे असतो."

तिने नाणं उलटलं. मागे दोन रुपये निघाले. मग सम्राट अशोक, सारनाथचा स्तंभ, २६ जानेवारी १९५० हे सगळं सांगून झालं.

"पण आपला राष्ट्रीय प्राणी तर वाघ ना?"

"पूर्वी सिंहच होता. १९७३ मध्ये वाघ झाला."

"सिंहाला का काढलं?"

समोरचे काका पेपर खाली घेऊन पुटपुटले, "आघाडीत बिघाडी. दुसरं काय!"

गेटवेसाठी मात्र मी पाठांतर करून गेलो होतो. कमानीखाली घसा खाकरून सुरुवात केली. "२ डिसेंबर १९११ ला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथे बोटीतून उतरले. त्याची आठवण म्हणून हा दरवाजा."

"राजाला आवडला?"

"तेव्हा हा नव्हताच. नुसता पुठ्ठ्याचा उभा केला होता. पायाभरणी १९१३ ची, आणि पुरा झाला १९२४ ला."

"पुठ्ठ्याचा?" तिचे डोळे लकाकले. "म्हणजे त्यांचाही प्रोजेक्ट वेळेत झाला नाही! मग आपणही उद्या पुठ्ठ्याचा देऊ. खरा तेरा वर्षांनी."

पाठ्यपुस्तकात स्मारक म्हणजे एक चौकोनी चित्र आणि खाली नाव. ही पुठ्ठ्याची गंमत तिथे छापली, तर पोरं इतिहास तोंडपाठ करतील, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तेव्हा मत मांडायला उसंत नव्हती. देशभक्ती हातची निसटत होती, म्हणून मी थेट शेवटाकडे धाव घेतली. "२८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली!"

"पण स्वातंत्र्य तर सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये मिळालं. मग इतके महिने ते काय करत होते?"

"आवराआवर," मी म्हणालो.

"पाहुण्यांचं असंच असतं," बायको म्हणाली. "निघतो निघतो म्हणतात आणि दारातच तासभर बोलत उभे राहतात." हा मुद्दा कन्येला ताबडतोब पटला. तिला माझ्या आत्या माहीत आहेत.

समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. "महाराज इथे कधी आले?"

"पुतळा २६ जानेवारी १९६१ चा."

"म्हणजे ते लोक परत येऊ नयेत म्हणून!"

मी मान डोलावली. महाराजांच्या बाबतीत शंका घेणारा मी कोण?

एवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोवाला आडवा आला. "साहेब, अर्जंट फोटो! पूर्ण गेटवे येणार." आम्ही रांगेत उभे राहिलो. फोटो हातात आला. गेटवे पूर्ण, मी, बायको, नाक पुसणारा धाकटा. कन्या गायब.

"अगं, तू कुठे होतीस?"

"तुमच्या मागे. मी चौथा सिंह."

फोटोवाल्याने हात पुढे केला. "साहेब, पैसे चौघांचे पडतील."