‘मातीतला गडी’ यांच्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

पकड आणि फोरआर्म (कोपर ते मनगट) यांच्या व्यायामांवर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘मातीतला गडी’ या नावाने एक कॉमेंट आलीय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: "कर्नाटकात राहून आमच्या मातीतल्या पोरांना मनगट शिकवू नका. बारला लटकून काही होत नाही. खाशाबा जाधव बारला लटकून हेलसिंकीला गेले होते का? ताकद येते ती दोरावर आणि मातीत, बाकी सगळी जिमवाल्यांची दुकानदारी." त्याखाली ग्रिपर (मुठीत दाबायची स्प्रिंग), कोपरदुखी आणि रोज करायचं का असे तीन बारके प्रश्न.

दादा (वय माहीत नाही, बोलण्यावरून मोठे वाटलात म्हणून दादा), मुद्दा पटला नाही तर खुशाल सांगा, पण ही सुरुवात करायची पद्धत झाली का? कर्नाटकात राहून म्हणजे काय? आम्ही बेळगावचे, उठून कुठं गेलो नाही, १९५६ ला राज्याची रेघ सरकली, आम्ही होतो तिथंच आहे. आणि त्या रेघेचा मनगटाशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडं यात्रेच्या मैदानाला कोल्हापूर-सांगलीचे मल्ल येतात तसे दावणगेरे-धारवाडचे बी येतात, हलगी एकच वाजते, आणि चितपट झालेल्याची पाठ कुठल्या राज्यात टेकली हे कोण विचारत नाही. उलट या बाजूला राहण्याचा फायदाच झाला म्हणा. कन्नड गावांतल्या जत्रेत गोल दगड उचलायची स्पर्धा असते. धरायला ना कडी ना कोर, गुळगुळीत धोंडा, तो उघड्या पंजाने दाबून आणि कोपरापासून खालच्या सगळ्या हाताने कवटाळून वर घ्यायचा. नुसती मूठ आवळता येणं म्हणजे पकड नव्हे हे मला तिथं बघून कळलं, यूट्यूबवर नाही.

आणि मातीचं म्हणाल तर लहानपणी तालमीत वस्तादांनी आधी हातात फावडंच दिलं होतं. माती उकरायची, परत सारखी करायची, डाव नंतर. पुढे उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर कामाला होतो, दिवसभर चकची चावी आवळायची आणि कास्टिंग उचलून लावायची, संध्याकाळी ताटातला घास धरताना बोटं थरथरायची. तेव्हा दुकानदारी वगैरे शब्द जरा जपून वापरा. मी ग्रिपर विकत नाही, क्लासची फी घेत नाही.

आता खाशाबा. त्यांचं नाव मध्ये आणलं की समोरचा गप्प बसतो हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणून आणलंत. पण उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला ते पहिल्यांदा गादीवर खेळले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला कांस्य मिळालं ते बी गादीवरच, फ्रीस्टाईलमध्ये. मातीत वाढलेल्या माणसाने नवीन गोष्ट अंगी लावून घेतली आणि पदक आणलं, असं मी त्यातून वाचतो. तुम्ही काय वाचलं तुम्हाला ठाऊक.

आणि "बारला लटकून काही होत नाही". हे वाक्य मला रात्री झोपताना पण आठवलं, खोटं कशाला बोलू. दादा, बोटं मिटवणारे मोठे स्नायू पंजात नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. म्हणून पकडीचा व्यायाम केला की पंजा नाही, फोरआर्म भरतो. आता तुमचा दोर घ्या. दोर चढताना एक हात वर सरकतो तेव्हा बाकीचं अंग कशावर असतं? दुसऱ्या हातावर, लटकलेलं! पायाची अढी घातली तर भार थोडा हलका होतो, पण पाय वर ओढून घेताना सगळं अंग हातावरच. म्हणजे दोर चढणं हे लटकणंच की, फक्त हलतं. बारवर तेच जागच्या जागी होतं आणि किती सेकंद टिकलो ते मोजता येतं, ज्याला दोरावर दोन हात बी सरकता येत नाही त्याने सुरुवात कुठून करायची मग? बारवर टॉवेल टाकून दोन्ही टोकं धरून लटका असं लेखात आहेच, तो गरिबाचा दोर समजा.

माझ्याकडं येणारी पोरं बहुतेक सैन्यभरतीची तयारी करणारी, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच असल्यामुळे ते वेड इथं घराघरात आहे. भरतीच्या चाचणीत बीमवर (आडव्या दांडीवर) १० पुलअप काढले की ४० मार्क, ६ काढले तर १६. सातव्या-आठव्याला पाठ अजून ओढत असते आणि बोटं सुटतात, असं कितीतरी पोरांचं बघितलंय. त्यांना मी काय सांगू, मातीत लोळ?

तुम्ही कुस्तीवाले म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. कुणी मनगट धरलं तर हात कुठून सोडवता? अंगठ्याच्या बाजूने, कारण चार बोटं एकीकडं आणि अंगठा एकटा. म्हणून तर लेखात वजनाची प्लेट चिमटीत धरायला सांगितली, ती फॅशन नाही, अंगठ्याचं काम आहे. प्लेट नसली तर वीट धरा. आणि समोरच्याचं मनगट आत मुडपलं की त्याची मूठ ढिली होते हे तुम्ही हजारदा केलं असेल, मनगट किंचित मागे असलं तरच मुठीत पूर्ण जोर येतो. मग नुसत्या बोटांचं करून भागेल कसं, मनगट त्या जागी रोखून धरणारी वरची बाजू पण तयार पाहिजे, रिव्हर्स कर्ल (पालथ्या मुठीने वजन उचलणं) त्यासाठी. लेखातला हा भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही, शीर्षक आणि बारचा फोटो बघून कॉमेंट टाकूलालाय असं वाटतं.

एक मान्य, मुद्गल आणि गदेला मी एकच ओळ दिली. गदा पाठीमागून फिरवून आणताना मनगटावर जो ताण येतो तो डंबेलने येत नाही, त्यावर अजून लिहिता आलं असतं. झालं समाधान?

राहिलेले बारके. ग्रिपर वाईट आहे असं कुठंही म्हटलेलं नाही, खटाखट दाबत बसण्यापेक्षा मिटून धरून ठेवा म्हटलंय. कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखत असेल तर वजन कमी करा, बोटांना रबर लावून उघडायचा व्यायाम करा, जुनं दुखणं असेल तर डॉक्टरला दाखवा, मी डॉक्टर नव्हे. रोज करायचं का? नाही, एक दिवस आड. हे लेखात ठळक अक्षरात आहे, चष्मा लावून वाचा म्हटलं तर परत माझाच टोन काढाल, म्हणून म्हणत नाही.