वेव्हर्सच्या यादीत नाव आल्यास घ्यावयाची काळजी

सप्टेंबर संपत आला आहे, नॅशनल हॉकी लीगमधील आपल्या संघाच्या ट्रेनिंग कॅम्पमधून निम्म्याहून अधिक मंडळी सामान आवरून गेली आहेत, आपण मात्र अजून तेथेच आहात, आणि गेल्या दोन दिवसांपासून मुख्य प्रशिक्षक आपल्याशी बोलताना आपल्या चेहऱ्याऐवजी आपल्या स्टिककडे पाहू लागले आहेत. घाबरून जाण्याचे कारण नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, बऱ्यापैकी खेळणाऱ्या, बऱ्यापैकी पगार घेणाऱ्या आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या आपल्यासारख्या गृहस्थासाठी बर्फावरच्या हॉकीने एक खास सोय करून ठेवली आहे. तिला वेव्हर्स म्हणतात. तिचा लाभ कसा घ्यावा, याविषयी चार शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सोय समजायला सोपी आहे. हंगाम सुरू होताना संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात. उरलेल्यांना अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर, धाडायचे असते. परंतु खेळाडूने ठरावीक वर्षे किंवा ठरावीक सामने पुरे केलेले असतील, तर त्याला परस्पर खाली पाठवता येत नाही. आधी त्याचे नाव यादीत घालून इतर सर्व संघांपुढे चोवीस तास ठेवावे लागते. ज्याला हवा त्याने तो करारासकट उचलावा, मोबदल्यात एक कवडीही देऊ नये. एकाहून अधिक संघांनी हात वर केला, तर गेल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याचा हक्क पहिला. ही यादी टोरांटोच्या घड्याळानुसार दुपारी दोनच्या सुमारास बाहेर पडते. टोरांटोजवळच्या मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ती जेवणानंतरच्या सुस्तीत वाचायला मिळते. मुंबई-पुण्यातल्या हौशी वाचकाला मात्र त्यासाठी रात्री साडेअकरापर्यंत जागावे लागते.

येथे आपण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. संघ आपले नाव यादीत घालतो ते कोणी आपल्याला घ्यावे म्हणून नव्हे, तर कोणीही घेऊ नये या आशेने. चहापोह्यांचा कार्यक्रम ठरवायचा, साऱ्या गावाला आमंत्रण द्यायचे आणि एकाही पाहुण्याने पसंती कळवू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचे, असा हा प्रकार आहे. चोवीस तास उलटले आणि कोणी विचारपूस केली नाही, की जनरल मॅनेजर सुटकेचा निःश्वास टाकतात आणि आपला माणूस सुखरूप ‘क्लिअर’ झाला, असे सांगतात. जगाने आपल्याला नाकारले, याचा एवढा आनंद व्यक्त करणारे वरिष्ठ अन्यत्र क्वचितच भेटतील. त्यांच्या आनंदात आपणही मोकळ्या मनाने सहभागी व्हावे.

आता पूर्वतयारीविषयी. सराव सामन्यांत वाईट खेळू नये, हे तर उघडच आहे. परंतु फार चांगलेही खेळू नये. शेवटच्या सराव सामन्यात आपण दोन गोल ठोकलेत तर आपल्या संघाचे मत बदलेल, असा आपला समज असेल, तर तो भाबडा आहे. संघाचे मत ऑगस्टमध्येच एका तक्त्यात भरून झालेले असते. ते दोन गोल पाहतो तो दुसऱ्या संघाने पाठवलेला, वरच्या कट्ट्यावर कॉफीचा कागदी पेला घेऊन बसलेला निरीक्षक. त्यामुळे आपल्या जनरल मॅनेजरच्या झोपेचे खोबरे होते आणि तो आपले नाव एकट्यादुकट्याने न टाकता गर्दीच्या दिवसापर्यंत राखून ठेवतो. हंगामाच्या तोंडावर शेवटच्या दोन-तीन दिवसांत याद्या लांबलचक होतात, सर्वांचेच संघ भरलेले असतात, आणि त्या गर्दीत आपण कोणाच्या नजरेस न पडता निसटून जाल, असा त्याचा हिशेब असतो. आपण ज्या दिवशी यादीत आलात त्या दिवशी आणखी वीस जण होते, याचे वाईट वाटून घेऊ नये. ती आपल्या गुणवत्तेची पावतीच आहे.

वयाबाबत मात्र आमचा सल्ला थोडा उशिरा पोहोचतो आहे, कारण आपण अठराव्या वर्षी करार करायला हवा होता. अठराव्या वर्षी सही केलेल्या मैदानी (म्हणजे गोलरक्षक नसलेल्या) खेळाडूला पाच वर्षे किंवा १६० सामने, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत, वेव्हर्सची झळ लागत नाही. पंचविसाव्या वर्षी सही केली तर ही सवलत जेमतेम एका वर्षाची. सवलत असलेल्या पोराला वाटेल तेव्हा खाली धाडता येते आणि वाटेल तेव्हा वर आणता येते, म्हणून कॅम्पमध्ये तो आपल्यापेक्षा सरस खेळला, तरी पहिल्या बसमध्ये बसतो तो तोच. आपल्याला धाडायचे तर चोवीस तासांचा धोका पत्करावा लागतो, आणि धोका टाळण्यासाठी संघ कधी कधी आपल्याला ठेवूनच घेतो. संघातील आपल्या स्थानाचा सर्वांत भक्कम आधार हा आपला खेळ नसून आपल्याला पाठवण्यातली गैरसोय आहे, हे एकदा मनाशी पक्के केले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. ही गैरसोय आपण जिवापाड जपावी. एखाद्या वीस वर्षांच्या मुलाने ड्रेसिंग रूममध्ये आपल्याकडे थोड्या कडवटपणे पाहिले, तर त्याला अवश्य समजून घ्यावे. आणखी पाच वर्षांनी त्याचीही अशीच गैरसोय होणार आहे.

पगार किती असावा, हा या शास्त्रातील सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्यात वेड रेडन यांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा. १९९५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला हा बचावपटू. ओटावात त्याने नाव कमावले आणि २००८ साली न्यूयॉर्क रेंजर्सने त्याच्याशी सहा वर्षांचा, ३ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला ६५ लाख. दोन हंगामांनंतर, २०१० च्या सप्टेंबरमध्ये, रेंजर्सने त्याला वेव्हर्सवर टाकले. एवढा पगार डोक्यावर घेण्याची कोणाची छाती झाली नाही. मग रेडन हार्टफर्डला, रेंजर्सच्या खालच्या संघात, गेला आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या झगमगाटाऐवजी खालच्या लीगच्या बसमध्ये बसून, तितकाच पगार घेत, दोन हंगाम खेळला. रेंजर्सच्या सॅलरी कॅपमधून, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या हिशेबातून, त्याचे ६५ लाख पूर्णपणे नाहीसे झाले होते, आणि मालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच होते. बर्फावर उभा असलेला धडधाकट माणूस हिशेबाच्या वहीत दिसेनासा करण्याची ही विद्या इतर संघांनाही अवगत होऊ लागली, तेव्हा लीगला लाज वाटली असावी, कारण लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील २०१३ च्या नव्या सामूहिक करारात ती बरीचशी बंद करण्यात आली.

आता खाली पाठवलेल्या खेळाडूच्या पगारातून लीगचे किमान वेतन अधिक ३ लाख ७५ हजार डॉलर एवढीच रक्कम कॅपमधून वगळता येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी किमान वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर ठरले होते. त्या हिशेबाने वगळता येणारी रक्कम ११ लाख ५० हजार. आपला पगार या रेषेच्या आत असेल, तर आपण मागमूस न ठेवता गाडले जाऊ शकता. पगार ४० लाख असेल, तर आपण खाली गेलात तरी आपले २८ लाख ५० हजार वरच्या संघाच्या मानगुटीवर बसून राहतात. त्यामुळे पुढच्या वेळी करार करताना एजंटाला स्पष्ट सांगावे की, आपल्याला फार थोडे नको आणि फार जास्तही नको. गाडायला परवडणार नाही आणि उचलायलाही परवडणार नाही, असा मधला आकडा त्याने शोधून काढावा. तो आकडा नेमका कोठे असतो, हे शोधण्यासाठीच संघांनी गणितज्ञ पगारावर ठेवले आहेत, आणि त्यांना वेव्हर्स लागू होत नाहीत.

समजा, कोणी आपल्याला उचललेच. अशा वेळी जुन्या संघाविषयी मनात किल्मिष ठेवू नये, कारण त्यांचे काय होते ते आपण गुस्ताव फॉर्सलिंगच्या उदाहरणावरून पाहू शकता. हा स्वीडिश बचावपटू कॅरोलिना हरिकेन्सकडे होता. २०१९-२० चा हंगाम त्याने खालच्या लीगमध्ये शार्लटला काढला. जानेवारी २०२१ मध्ये, कोविडमुळे लांबणीवर पडलेला हंगाम सुरू होण्याच्या काही दिवस आधी, कॅरोलिनाने त्याला वेव्हर्सवर टाकले. हिशेब तोच, की याला कोण घेतो. फ्लोरिडा पँथर्सने घेतला. त्यानंतर २०२३ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत फ्लोरिडाने कॅरोलिनाला चार सामन्यांत घरी पाठवले. २०२४ मध्ये फ्लोरिडाने फॉर्सलिंगला आठ वर्षांसाठी ४ कोटी ६० लाख डॉलर दिले आणि त्याच वर्षी स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. २०२५ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पुन्हा कॅरोलिनाच समोर आले, पाच सामन्यांत पुन्हा घरी गेले, आणि फ्लोरिडाने पुन्हा कप उचलला. एवढ्या सातत्याने कोणी आपल्या फुकट दिलेल्या वस्तूची पाहणी करायला जात असेल, असे वाटत नाही.

फ्लोरिडाच्या चतुराईने आपण दिपून जाऊ नये, म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ऑक्टोबर २०१० मध्ये याच फ्लोरिडाने मायकल ग्राबनर नावाच्या ऑस्ट्रियन खेळाडूला वेव्हर्सवर टाकले होते. तो न्यूयॉर्क आयलंडर्सने उचलला आणि त्याच हंगामात त्याने ३४ गोल केले. कॅलगरीने ऑक्टोबर २०१५ मध्ये पॉल बायरनला असेच सोडले. मॉन्ट्रियलला गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्याने २२ गोल केले. या कथा प्रत्येक सप्टेंबरमध्ये आपल्याला कोणी ना कोणी ऐकवील. ऐकवणारा सद्भावनेने ऐकवतो, तेव्हा त्याच यादीतल्या इतर नावांचे पुढे काय झाले, असे विचारून त्याला अडचणीत आणू नये.

उचलले गेल्यावर लगेच घर विकत घेऊ नये. नव्या संघाने आपल्याला वरच्या लीगमध्येच ठेवावे लागते, आणि ठेवायचे नसेल तर पुन्हा वेव्हर्सवर टाकावे लागते. या नियमामुळे पूर्ण देश पाहून होतो. गोलरक्षक अँटन फोर्सबर्गने ऑक्टोबर २०२० मध्ये एडमंटनशी करार केला. जानेवारीत एडमंटनने टाकले, कॅरोलिनाने उचलले. थोड्याच दिवसांत कॅरोलिनाने टाकले, विनिपेगने उचलले. मार्चमध्ये विनिपेगने टाकले, ओटावाने उचलले. पहिल्या तिन्ही संघांसाठी तो एकही सामना खेळला नाही. चार शहरे, चार जर्सी, चार वेगवेगळ्या रंगांचे पॅड, आणि तेही सीमा ओलांडली की विलगीकरणात बसावे लागण्याच्या दिवसांत. गोलरक्षकांसाठी सामान हलवण्याचा खर्च हा क्रीडासाहित्याच्या सदराखालीच धरावा, असे आमचे मत आहे. ओटावाने त्याला पुढे काही वर्षे ठेवून घेतले, हे सांगायला हवे, नाहीतर आमच्यावर निराशावादाचा आरोप व्हायचा.

जायबंदी होण्याचा मोह काहींना होतो, कारण दुखापतग्रस्त खेळाडूला खाली धाडता येत नाही. हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. संघाचे डॉक्टर संघाचेच असतात.

घरच्यांना मात्र विश्वासात घ्यावे. दुपारी दोनला यादी बाहेर पडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला निकाल लागतो. या चोवीस तासांत मुलांच्या शाळेची फी भरायची की थांबायचे, भाड्याच्या घराची अनामत जाऊ द्यायची की मालकाला गळ घालायची, सासूबाईंचे विमानाचे तिकीट कोणत्या शहराचे काढायचे, हे प्रश्न उपस्थित होतील. त्या वेळात समाजमाध्यमे पाहू नयेत. तेथे आपल्याच संघाचे चाहते आपल्याला कोणीही घेणार नाही, असे छातीठोकपणे सांगत असतात, आणि उद्या कोणी घेतलेच, तर असा खेळाडू फुकट कसा काय जाऊ दिला म्हणून तेच चाहते जनरल मॅनेजरच्या राजीनाम्याची मागणी करतील. पत्रकारांनी विचारले, तर हा शेवटी आकड्यांचा खेळ आहे, एवढेच म्हणावे. हे वाक्य जनरल मॅनेजरही वापरतात, प्रशिक्षकही वापरतात, आणि त्याला कोणाचाच आक्षेप नसतो, कारण त्यात कोणाचेही नाव येत नाही.

आणि कोणीच उचलले नाही, तर आनंदाने खालच्या लीगच्या गावी, बेकर्सफील्डला, सिराक्यूजला, ॲबट्सफर्डला जावे. नोव्हेंबरात वरच्या संघात कोणाचा तरी गुडघा दुखावेल आणि आपल्याला बोलावणे येईल. त्या वेळी फक्त एक हिशेब मनात ठेवावा: एकदा क्लिअर झालेल्या खेळाडूने वरच्या संघात दहा सामने खेळले किंवा तीस दिवस काढले, की त्याला परत धाडण्यासाठी पुन्हा नव्याने वेव्हर्सवर टाकावे लागते. तेव्हा नवव्या सामन्यात आपण गोल केलात, प्रशिक्षकांनी पाठ थोपटली, आणि तरीही दहाव्या सामन्याच्या सकाळी आपल्याला सूट घालून वर पत्रकार कक्षात बसायला सांगितले गेले, तर आपल्या खेळात काय चुकले याचा शोध घेत बसू नये. तेथे पॉपकॉर्न चांगले मिळते. फक्त सामान पूर्ण उघडू नये. बसची वेळ बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळची असते.